चेंडू जेवत नाही

आमच्या घरी दोनशे पानांची एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर डावीकडे तारीख, मध्ये ग्रॅममधले वजन, त्यापुढे काय वाढले त्याची नोंद आणि उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिलेला आहे : ‘नाही’. ही वही चेंडूची. चेंडू हा आमच्या घरातला अजगर आहे. पण अजगर म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर शेळी गिळून शेतात पडलेले जे धूड येते, त्यातला तो नव्हे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात बिळांमधून आणि वारुळांमधून राहणारी ही लहान जात आहे. ब्रिटनमध्ये तिला रॉयल पायथन म्हणतात आणि अमेरिकेत बॉल पायथन, कारण घाबरला की हा साप डोके आत घेऊन स्वतःचा घट्ट गोळा करून बसतो. नर जेमतेम मीटरभर लांब होतो. माझ्या मुलाने त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो असाच गोळा होऊन बसला होता, त्यामुळे बारशाचा प्रश्न तिथेच सुटला.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. भारतात असतो तर साप पाळण्याचा विषय मी घरात येऊच दिला नसता. तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप घरात ठेवणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच असावा, असे माझे मत आहे. इथे या जातीला परवाना लागत नाही आणि दुकानांत मिळणारी पिल्ले बहुतेक पिढ्यानपिढ्या माणसाकडेच वाढलेली असतात. आम्ही मात्र दुकानातून आणला नाही. शिक्षण संपवून परदेशी निघालेल्या एका विद्यार्थ्याला त्याचा चार वर्षांचा साप कुणाला तरी द्यायचा होता, आणि मुलाने तीन महिने माझ्या मागे लावलेली भुणभुण नेमकी त्याच आठवड्यात शिगेला पोहोचली होती. १६ सप्टेंबर २०२३ ला चेंडू काचेच्या पेटीसकट घरी आला. वजन ८१२ ग्रॅम, शेवटचे जेवण आठवडाभरापूर्वी. तो विद्यार्थी जाताना म्हणाला की याचे काही नखरे नाहीत, उंदीर दिला की खातो.

आठवडाभर त्याला रुळू द्यायचे आणि मग पहिले जेवण द्यायचे, एवढे मी वाचले होते. २३ तारखेला संध्याकाळी गोठवलेला उंदीर वितळवून, लांब चिमट्यात धरून मी त्याच्यासमोर नेला. त्याने जीभ दोनदा बाहेर काढली आणि मान फिरवली. मी तो तोंडाजवळ हलवला, तसा त्याने चेंडू केला. इथे मी जी चूक केली ती जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस करत असावा : तीन दिवसांनी मी पुन्हा प्रयत्न केला, मग पुन्हा तीन दिवसांनी. मधल्या दिवसांत मुलगा शाळेतून आला की त्याला हातात घेऊन बसे, का तर त्याला आपली सवय व्हावी. म्हणजे ज्या प्राण्याचा सारा जन्म अंधाऱ्या बिळात अंग चोरून बसण्यासाठी आहे, त्याला आम्ही दिवसा उजेडात हाताळत होतो आणि दर तिसऱ्या रात्री त्याच्या तोंडासमोर एक मेलेला प्राणी नाचवत होतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून आई आली. आमचे घर शाकाहारी, आणि फ्रीझरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी उंदरांचे पाकीट. ते तिच्या हाती लागले त्या दुपारी काय झाले ते मी इथे लिहीत नाही; दोन दिवसांत गॅरेजमध्ये एक लहानसा जुना फ्रीझर आला, एवढे सांगितले तरी पुरे. पण चेंडूवर तिचा राग नव्हता. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी लहानपणापासून पाहिलेल्या बाईला सापाचे भय असे नव्हतेच. तिला काळजी लागली ती तो जेवत नाही याची. साप दूध पीत नाही हे तिला ठाऊक होते, तरी एकदा हळूच विचारून झालेच, “अगं, पण वाटीभर ठेवून पाहायला काय हरकत आहे?” त्याच्या पेटीत पाण्याचे भांडे असते आणि तो पाणीच पितो, हे मी सांगितले. रोज सकाळी चहा घेताना ती पेटीपाशी उभी राहून म्हणायची, “रुसलाय गं, माहेरी आलेल्या पोरीसारखा.” मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे असली निदाने ऐकून घेण्याची मला सवय नाही, पण नंतर कळले की ती सत्यापासून माझ्यापेक्षा फार लांब नव्हती.

मी तोवर युक्त्यांच्या मागे लागले होते. या जातीचे साप जेवण नाकारण्यासाठी इतके प्रसिद्ध आहेत की त्यांना खायला लावण्याच्या युक्त्यांचे एक वेगळे शास्त्रच पाळणाऱ्यांनी रचले आहे. उंदीर चिमट्यात न धरता लपण्याच्या जागेच्या तोंडाशी ठेवून रात्रभर सोडून द्यावा. सापाला आणि उंदराला हवेची भोके पाडलेल्या एका लहान डब्यात अंधारात एकत्र ठेवावे. उंदराच्या कवटीला चीर द्यावी म्हणजे वास सुटतो. ही मी एकदा केली आणि पुन्हा करणार नाही. उंदरावर कोंबडीच्या पिल्लाचा वास चोळावा, ही युक्ती विचित्र वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. नायजेरियात रानातल्या सापांच्या आहाराची पाहणी झाली तेव्हा या जातीच्या लहान सापांनी मुख्यतः पक्षी खाल्लेले आढळले होते आणि मोठ्यांनी उंदरांसारखे सस्तन प्राणी. म्हणजे झाडावर चढून घरटी धुंडाळण्याचा स्वभाव त्यांच्यात आहे. चेंडूने मात्र पिल्लाचा वास, चीर दिलेली कवटी आणि अंधारा डबा या सगळ्यांकडे सारख्याच तटस्थतेने पाहिले. माझ्या वहीत ‘नाही’ची संख्या अकरावर गेली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी त्याच्या आधीच्या मालकाला संदेश पाठवला आणि तो नेमके काय खायचा ते तपशिलात विचारले. उत्तर वाचून मी कपाळाला हात लावला. तो त्याला ‘माइस’ देत होता. सुपूर्त करतानाही त्याने हाच शब्द वापरला होता; माझ्या डोक्यात त्याचे ‘उंदीर’ झाले आणि दुकानात गेल्यावर त्याच उंदराचे मी ‘रॅट’ करून घरी आणले. मराठीला इथे दोष देता येत नाही, आपल्याकडे चिचुंद्री आणि घूस यांच्यामध्ये जे काही घरात फिरते ते सगळे उंदीरच असते आणि त्याने आपले कधी अडले नाही. चेंडूचे अडले. हे साप भक्ष्य ओळखतात ते मोठ्या प्रमाणात वासावरून, आणि चार वर्षे पिटुकल्या पांढऱ्या माइसवर वाढलेल्या सापाला रॅट हे खाद्य आहे हे मुळात पटावेच लागते. माणसाला हा फरक मापाचा वाटतो, सापाला तो जातीचा असतो.

साहजिकच मी त्याच दिवशी जाऊन माइस आणले आणि आता प्रश्न सुटला असे समजून आईलाही तसे सांगून टाकले. तीनदा दिले. तीनदा नाही.

१८ नोव्हेंबरला आम्ही त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेले. वजन ७७६ ग्रॅम भरले, म्हणजे दोन महिन्यांत साडेचार टक्क्यांच्या आसपास घट. डॉक्टरबाईंनी तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, श्वासाला घरघर किंवा तोंडाशी फेस आहे का ते तपासले, खवल्यांखाली गोचिडीसारखे बारीक जीव दडले आहेत का ते पाहिले. पोटात जंत असल्याची शंका दूर करण्यासाठी विष्ठेचा नमुना हवा असतो, पण जो खातच नाही तो नमुना कुठून देणार, हे त्यांनीच हसून सांगितले. आजाराचे एकही लक्षण नव्हते. बळजबरीने भरवण्याचा विषय मी काढला तेव्हा त्या गंभीर झाल्या. घशात अन्न ढकलताना तोंडाला आणि अन्ननलिकेला इजा होऊ शकते, साप त्या धक्क्याने ते ओकून टाकतो आणि पुढे जेवणाचीच धास्ती घेतो. त्यामुळे अंगावर मांस आणि मनात जोर असलेल्या सापाच्या बाबतीत तो विचारही करायचा नाही. जिवंत उंदीर सोडण्याला त्यांचा तितकाच विरोध होता, कारण भूक नसलेल्या सापाच्या पेटीत रात्रभर राहिलेला उंदीर सापाला कुरतडतो आणि त्या जखमा त्यांनी स्वतः शिवलेल्या होत्या.

नर, वयात आलेला, हिवाळ्याच्या तोंडाशी : अशा सापाने महिनोन् महिने न जेवणे हे या जातीत नवल नाही, कारण त्याच काळात त्यांचा मीलनाचा हंगाम असतो आणि नराला अन्नापेक्षा दुसरेच काही सुचत असते. शिवाय उपाशी राहण्याची सापांची तयारी आपल्या कल्पनेपलीकडची आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जातीसह तीन जातींचे साप सुमारे साडेपाच महिने उपाशी ठेवण्यात आले होते, आणि त्यांनी आपल्या शरीराचा ऊर्जेचा खर्च ७२ टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे दिसले. त्या काळात त्यांची लांबी वाढत राहिली, हे तर मला अजून पचलेले नाही. हे वाचून आईला एकादशी, चतुर्थी आणि चातुर्मास आठवले आणि चेंडूबद्दलचा तिचा आदर वाढला. मला आठवला तो डॉक्टरांनी निघताना विचारलेला साधा प्रश्न : “तो जिथे बसतो, त्या जमिनीचे तापमान किती आहे?”

मी एकतीस म्हणाले होते, कारण पेटीच्या काचेवर आतून चिकटवलेली तबकडी एकतीस दाखवत होती. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, नेम धरून तापमान मोजणारे हातातले यंत्र घेऊन मी पेटीच्या तळाशी ते रोखले, तेव्हा आकडा आला २५. गार बाजूला २१. कारण शोधायला अर्धा तास पुरला. उष्णता देणारी चटई पेटीच्या खाली, बाहेरून चिकटवलेली होती; आधीच्या मालकाने तिच्यावर आत कागदाची एक घडी अंथरली होती आणि आम्ही, त्याला मऊ वाटावे म्हणून, बोटभर जाडीचा लाकडी भुशाचा थर ओतला होता. खालची ऊब भुशातच अडत होती. थर्मोस्टॅटचा संवेदक चटईला टेकलेला असल्यामुळे त्याच्या मते सारे यथास्थित होते. तबकडी तर चटईच्या कडेलाच काचेवर चिकटवलेली होती, म्हणजे ती तापलेल्या काचेचे तापमान सांगत होती. आणि इंग्लंडमधल्या घरांप्रमाणे आमच्याही घरातले हीटिंग रात्री अकराला बंद होते, म्हणजे नेमके त्याच्या जेवणाच्या वेळी पेटी सर्वांत थंड.

सापाच्या पोटात आपल्यासारखी शेगडी पेटलेली नसते. गिळलेला अख्खा उंदीर पचवायला लागणारी ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते; ती मिळाली नाही तर उंदीर पोटात पचण्याऐवजी सडतो आणि साप तो उलटून टाकतो. बसायच्या जागी एकतीस-बत्तीस अंश आणि दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास, अशी दोन हवामाने त्याला एकाच पेटीत लागतात, म्हणजे तो आपल्या गरजेप्रमाणे सरकत राहतो. दहा आठवडे मी ज्याला हट्ट समजत होते, तो त्याचा शहाणपणा होता. चुलीत जाळ नसताना पातेले चढवायला तो तयार नव्हता.

पुढचा आठवडा आम्ही पेटीवर घालवला. वरून उष्णता देणारा, उजेड न पाडणारा सिरॅमिकचा दिवा जाळीच्या आवरणासह बसवला, संवेदक त्याच्या बसण्याच्या जागेच्या उंचीवर आणला. लाकडी भुसा काढून नारळाच्या काथ्याचा भुसा घातला, कारण तो ओल धरून ठेवतो, आणि हीटिंगने कोरड्या पडलेल्या घरात आर्द्रता ३५ टक्क्यांवर आली होती ती त्यामुळे साठपर्यंत चढली. कोकणातली ही वस्तू इथे वीट करून विकतात आणि ती पाण्यात टाकली की फुगते, हे पाहून आई दिवसभर खूश होती. लपायच्या जागा दोन केल्या, एक उबेकडे आणि एक गारव्याकडे, आणि दोन्ही इतक्या लहान की वेटोळे घातल्यावर त्याच्या पाठीला छत आणि बाजूंना भिंती टेकाव्यात; आधीची गुहा दिसायला सुंदर होती, पण त्याच्यासाठी ती बिळाऐवजी दिवाणखाना होती. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावला. ती हॉलमधल्या दूरदर्शन संचाशेजारून उचलून माझ्या कामाच्या खोलीत नेली. मुलाला सांगितले की आता हात लावायचा नाही. त्याने विचारले, किती दिवस. मी म्हणाले, तो जेवेपर्यंत. हे त्याला मान्य नव्हते, पण वहीतले वजन तोच लिहीत असल्यामुळे त्यालाही आकडे दिसत होते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून महिनाभर काहीच द्यायचे नव्हते, आणि हे सर्वांत अवघड गेले. घरात एखादे जण जेवत नसेल तर त्याला पुन्हापुन्हा न विचारणे हे आमच्या संस्कारात बसत नाही. पाण्याचे भांडे बदलायचे, दर शनिवारी एकदा स्वयंपाकघरातल्या जुन्या वजनकाट्यावर डब्यात घालून तोलायचे, बस्स. घट दहा टक्क्यांच्या पलीकडे गेली तर परत या, असे त्यांनी सांगितले होते, म्हणजे माझी रेघ ७३० वर होती. वजन ७६८, ७६१, ७५८ असे उतरत होते. वर्षाअखेरीस त्याचे डोळे दुधाळ निळे झाले, म्हणजे कात टाकण्याची वेळ आली. या दिवसांत सापाला नीट दिसत नाही आणि तो बहुधा खातही नाही, त्यामुळे प्रतीक्षा आणखी लांबली. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी कात निघाली, आणि तीही नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, मोजा उलटा काढावा तशी. कोरड्या पेटीत ती तुकड्यातुकड्यांनी निघते. आईने ती हळूच उचलून वर्तमानपत्रात गुंडाळली. तिचे काय केले ते तिने सांगितले नाही.

१३ जानेवारीला वजन ७४७. २० तारखेच्या शनिवारी मी पुन्हा प्रयत्न करायचे ठरवले. आदल्या रात्री एक माइस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवला. संध्याकाळी तो पिशवीत बंद करून गरम, पण उकळत्या नव्हे अशा पाण्यात ठेवला. उकळत्या पाण्यात तो शिजतो आणि पोट फुटते, मायक्रोवेव्हमध्ये तर आतून फुटतोच, म्हणून तो मार्ग कधी घ्यायचा नाही. मग पुसून कोरडा केला आणि शेवटी हेअर ड्रायरने त्याचे डोके तापवले, यंत्रावर ३९ येईपर्यंत. या सापांच्या वरच्या ओठावर बारीक खळग्यांची ओळ असते आणि तिने त्यांना अंधारातही ऊब ‘दिसते’; त्यामुळे कोमट, सर्वत्र सारख्या तापमानाचा गोळा त्यांच्या लेखी भक्ष्य नसतोच, डोके उबदार हवे. खोलीतला दिवा मालवला, पॅसेजमधला मंद उजेड आत येऊ दिला. चेंडू उबेकडच्या बिळातून केवळ नाक बाहेर काढून बसला होता, आणि ही बसण्याची तऱ्हा मी सप्टेंबरपासून एकदाही पाहिली नव्हती.

मी चिमटा त्याच्या तोंडापासून वीतभर लांब, जमिनीलगत धरला आणि हलवला नाही. जीभ बाहेर आली, आत गेली, सावकाश, पुन्हा बाहेर आली. मानेचा इंग्रजी एस झाला. तो तसाच किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. माझा हात दुखू लागला होता आणि दाराबाहेर आई व मुलगा श्वास रोखून उभे होते, हे मला न बघता कळत होते. मग काही तरी झाले, जे डोळ्यांना दिसले नाही, आणि चिमटा रिकामा होता. माइसभोवती दोन वेटोळी पडली होती. थोड्या वेळाने त्याने वेटोळी सैल केली, नाकाने चाचपून डोक्याची बाजू शोधली आणि गिळायला सुरुवात केली. सगळे आटोपल्यावर त्याने मोठी जांभई दिली, ताणलेला जबडा जागेवर बसवण्यासाठी देतात तशी. आईने बाहेरूनच विचारले, “जेवला का गं?” आणि उत्तराची वाट न बघता खाली जाऊन साखर-खोबरे घेऊन आली. शेवटचे जेवण ९ सप्टेंबरचे. मुलाने बोटांवर हिशेब केला, १३३ दिवस.

नेमके कशाने खाल्ले, हे मला आजही सांगता येत नाही, आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला हे लिहिताना लाज वाटते. उष्णता, आर्द्रता, बिळे, खोली, हाताळणे, भक्ष्य आणि त्याच्या डोक्याचे तापमान, एवढ्या गोष्टी मी एकदम बदलल्या; माझ्या हाताखालच्या कुणी असा प्रयोग केला असता तर मी तो परत पाठवला असता. एकच कारण निवडायला लावले तर मी भुशाखाली अडलेल्या उबेवर बोट ठेवीन, कारण तीन वेळा योग्य भक्ष्य देऊनही त्याने नाकारले ते थंड पेटीतच. जेवल्यावर आम्ही त्याला दोन दिवस हात लावला नाही, दहा दिवसांनी दुसरा माइस दिला आणि तोही त्याने घेतला.

मार्चमध्ये आई परत गेली. जाण्यापूर्वी मी तिला बेनिन देशातल्या विदा गावाबद्दल सांगितले होते, जिथे याच जातीच्या सापांचे देऊळ आहे; तिथले साप अधूनमधून रात्री गावात सोडतात, ते आपापले जेवून येतात आणि एखादा कुणाच्या घरात शिरलाच तर लोक त्याला आदराने परत आणून देतात. तिला ती व्यवस्था फार पसंत पडली. “म्हणजे पुजाऱ्याला भरवायची काळजी नाही,” ती म्हणाली.

रॅटवर त्याला आणायला उन्हाळा गेला. इतक्या वजनाच्या सापाला एक माइस पुरत नाही आणि दर खेपेला दोन-तीन वितळवण्यापेक्षा एक लहान रॅट बरा पडतो, म्हणून मी दोन्ही एकाच पिशवीत वितळवू लागले, म्हणजे वास मिसळतो. आधी माइस दिला आणि तो घशातून उतरत असतानाच पाठोपाठ रॅट पुढे केला. पाचव्या खेपेला त्याने फरक केला नाही. ऑगस्टमध्ये ९०५ ग्रॅम भरला.

ऑक्टोबर २०२४ पासून त्याने पुन्हा जेवण बंद केले. तापमान मी लगेच मोजले, बत्तीस होते. आता दर तिसऱ्या आठवड्याला एकदा देते, अर्धा तास वाट पाहते, आणि घेतले नाही तर वहीत ‘नाही’ लिहून, रॅट बागेच्या कचऱ्यात न टाकता पिशवीत बांधून काळ्या डब्यात टाकते, कारण एकदा शेजारच्या मांजराने तो त्यांच्या दारात नेऊन ठेवला होता. दर रविवारी सांगलीहून फोन येतो तेव्हा माझ्या आधी त्याची चौकशी होते. काल वजन ८८१ होते.